ओकुमेचा पापुद्रा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सिंकखालचे कपाट फुगले. आधी दार घट्ट बसेना, मग खालच्या कडेला फोड आल्यासारखे दिसू लागले, आणि एके दिवशी पुसताना हातातील फडक्याबरोबर लाकडाचा एक लांब, ओलसर पापुद्रा सुटून आला. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दार उतरवले, उन्हात धरले, ओल्या फडक्याने जोरात पुसले आणि फडका माझ्यापुढे धरला. फडक्यावर तांबडा रंग उतरला होता. "ताई, तुम्हाला गर्जन म्हणून दिली असेल, पण ही गर्जन नाही. ओकुमे आहे. वरून लाल रंग मारलाय." रंग गेलेल्या जागी लाकूड फिकट गुलाबी दिसत होते, कच्च्या सुरणाच्या फोडीसारखे. ओकुमे म्हणजे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "आफ्रिकेतलं झाड. गबॉन का काय म्हणतात तो देश. हल्ली सगळा फेस तिकडूनच येतो."

फेस म्हणजे प्लायवूडचा चेहरा, वरचा थर. प्लायचे पोट, ज्याला हे लोक कोअर म्हणतात, ते बहुधा आपल्याकडचेच असते. हरियाणातील यमुनानगरच्या आसपास शेतांच्या बांधांवर वाढवलेले पॉपलर किंवा निलगिरी त्यात घालतात. डोळ्यांना दिसणारा वरचा थर मात्र सलग, बिनगाठीचा, एकसारख्या रंगाचा हवा असतो, आणि त्यासाठी जुन्या, सरळ, जाडजूड बुंध्याचे झाड लागते. हे झाड वर्षानुवर्षे म्यानमारच्या जंगलातून येई, तेच गर्जन. एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडके देशाबाहेर पाठवणे बंद केले आणि आपल्या प्लायवाल्यांना नवा चेहरा शोधावा लागला. तो त्यांना विषुववृत्तावर सापडला. गबॉननेही 2010 मध्येच अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली होती, त्यामुळे तेथे जाऊन, तेथेच लाकूड सोलून, पापुद्रे जहाजावर चढवणे हाच मार्ग उरला. राजधानीजवळ न्कोक येथे ओलाम या सिंगापूरस्थित कंपनीच्या भागीदारीत सरकारने एक विशेष आर्थिक क्षेत्र उभारले, आणि तेथे गिरण्या घालणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. ओंडका यंत्रावर फिरत राहतो, लांब पाते त्याला टेकलेले असते आणि सुरळीची वडी उलट्या दिशेने उलगडत जावी तसा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा सुटत राहतो. आमच्या सिंकखाली भिजून मेलेला पापुद्रा असा निघालेला होता. त्या देशाविषयी मी त्यानंतर वर्षभर जे मिळेल ते वाचत गेले. मी तेथे गेलेली नाही, हे आधीच सांगते.

नकाशा पाहिला तेव्हा पहिला धक्का आकाराचा नव्हे, माणसांच्या संख्येचा होता. गबॉनचे क्षेत्रफळ सुमारे 2,67,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडेसेच कमी. लोकसंख्या मात्र 25 लाखांच्या आसपास. महाराष्ट्राएवढ्या भूमीवर पुणे शहराहूनही कमी माणसे, आणि त्यातही जवळपास निम्मी एकट्या लिब्रव्हिल या राजधानीत आणि तिच्या परिसरात. दहातील नऊ माणसे शहरवासी आहेत. उरलेली भूमी कोणाची, तर झाडांची. देशाचा सुमारे 88 टक्के भाग जंगलाखाली आहे. वायव्येला इक्वेटोरियल गिनी, उत्तरेला कॅमेरून, पूर्वेला आणि दक्षिणेला काँगोचे प्रजासत्ताक (काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक हा त्याचा मोठा शेजारी देश वेगळा), पश्चिमेला अटलांटिक. मधोमध सुमारे बाराशे किलोमीटर लांबीची ओगोवे नदी वाहते, आणि देशाच्या 9 प्रांतांपैकी पाचांच्या नावात हीच नदी आहे: वरचा ओगोवे, मधला ओगोवे, सागरी ओगोवे, ओगोवे-लोलो, ओगोवे-इविंदो. नदीने प्रांतांची नावे ठेवली, कारण रस्ते नव्हतेच. आत जायचे तर नदीने, बाहेर यायचे तर नदीने. पोर्ट-जांती हे तर देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर, तेलाची राजधानी, पण कित्येक दशके ते उर्वरित देशाशी रस्त्याने जोडलेलेच नव्हते. होडी किंवा विमान, तिसरा पर्याय नव्हता.

ओकुमे हे झाड जवळजवळ गबॉनचेच म्हणावे लागेल. इक्वेटोरियल गिनी, काँगो आणि कॅमेरूनच्या कडेकडेने ते थोडेफार आढळते, पण त्याचे खरे घर हेच. स्थानिक लोक त्याचा बुंधा कोरून होडी करीत आणि त्याची राळ मशालीसाठी जाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे ओंडके जर्मनीत पोहोचले आणि तेथील कारखानदारांच्या ध्यानात आले की हे लाकूड सोलायला विलक्षण सोपे आहे: हलके, मऊ, सरळ धाग्याचे. आणखी एक गुण त्याहून निर्णायक ठरला. ओकुमे पाण्यावर तरंगते. ज्या देशात रस्ता नाही, तेथे तरंगणारे झाडच तोडले जाणार. नदीकाठची झाडे आधी पडली, मग ओढ्यांकाठची, मग माणसांनी ओंडके लोटत लोटत पाण्यापर्यंत आणायला सुरुवात केली; ओंडक्यांचे तराफे बांधून ते ओगोवेच्या मुखाशी पोर्ट-जांतीपर्यंत सोडले जात. या कामाला माणसे लागत आणि माणसे मुळातच कमी होती. फ्रेंच वसाहतीच्या काळात गावागावांतील तरणे पुरुष लाकडाच्या छावण्यांकडे गेले, कधी पैशाच्या ओढीने, कधी करवसुलीच्या आणि सक्तीच्या जाचाने. मागे बायका, मुले आणि म्हातारी माणसे उरली. जंगल तोडून शेताची जागा मोकळी करणे हे तेथे पुरुषांचे काम. ते झाले नाही, म्हणून कसावा, म्हणजे साबुदाण्याचे कंद, लागला नाही, आणि जो लागला त्यातलाही छावण्यांसाठी आणि शिपायांसाठी उचलला गेला. 1920 च्या दशकात उत्तरेकडील फांग लोकांच्या मुलखात दुष्काळ पडला. भरपूर पाऊस पडणाऱ्या, हिरव्यागार, सुपीक दिसणाऱ्या प्रदेशात उपासमार होते, हे वाचताना मला पुन्हा मागे जाऊन वाक्य तपासावे लागले. आपल्या मनात दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीन. तो दुष्काळ ओला होता, भर जंगलातला होता, आणि एका झाडाला बाजारात भाव आल्यामुळे पडला होता.

देशाचे नावही मजेदार आहे. पंधराव्या शतकात आलेल्या पोर्तुगीज खलाशांना कोमो नदीचे रुंद मुख टोपीवाल्या अंगरख्यासारखे, त्यांच्या भाषेत 'गाबाओं'सारखे दिसले, त्यावरून गबॉन. राजधानीचे नाव त्याहून बोलके. 1846 मध्ये फ्रेंच आरमाराने एलिझिया नावाचे गुलामांचे जहाज पकडले; त्यातून सोडवलेल्या माणसांपैकी काहींना 1849 मध्ये या किनाऱ्यावर वसवण्यात आले आणि त्या वस्तीला लिब्रव्हिल, म्हणजे मुक्तनगर, असे नाव देण्यात आले. ज्यांना सोडवले ती माणसे दुसऱ्या किनाऱ्यावरून पळवलेली होती, त्यामुळे मुक्त होऊनही ती आपल्या घरी पोहोचली नाहीत. आणि ज्या म्पोंग्वे लोकांच्या भूमीवर हे मुक्तनगर उभे राहिले, त्यांचा एक राजा फ्रेंचांशी 1839 मध्येच करार करून बसला होता. स्वातंत्र्याचे नाव धारण करणारे हे शहर पुढे शंभराहून अधिक वर्षे वसाहतीचे ठाणे राहिले.

17 ऑगस्ट 1960 रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष लेओं म्बा. फेब्रुवारी 1964 मध्ये काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना पदच्युत केले, तर दोन दिवसांच्या आत फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्यांनी म्बांना परत खुर्चीवर बसवले. त्या क्षणी स्वातंत्र्याचा खरा अर्थ कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. 1967 मध्ये म्बा वारले आणि त्यांचे उपाध्यक्ष आल्बेर-बेर्नार बोंगो वयाच्या एकतिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. 1968 मध्ये त्यांनी एकच पक्ष ठेवला, 1973 मध्ये इस्लाम स्वीकारून ओमार हे नाव घेतले, आणि जून 2009 मध्ये बार्सिलोनातील एका रुग्णालयात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, ते खुर्चीवरून उठले नाहीत. बुटका, गोड बोलणारा, हिशेबात पक्का माणूस. विरोधकाला तुरुंगात टाकण्यापेक्षा मंत्री करणे स्वस्त पडते, हे त्यांना इतर अनेक हुकूमशहांच्या आधी कळले होते. फ्रान्सशी असलेल्या नात्याविषयीचे त्यांचे एक वाक्य नेहमी सांगितले जाते: फ्रान्सविना गबॉन म्हणजे चालकाविना गाडी, आणि गबॉनविना फ्रान्स म्हणजे इंधनाविना गाडी. हे वाक्य ऐकून हसू येते. मग लक्षात येते की या गाडीत बसलेल्या प्रवाशांचा त्यात उल्लेखच नाही.

इंधन खरेच होते. 1956 मध्ये पोर्ट-जांतीच्या परिसरात तेल सापडले. 1973 नंतर जगभर तेलाचे भाव चढले आणि 1975 मध्ये गबॉन ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा सदस्य झाला. (1995 मध्ये तो बाहेर पडला आणि 2016 मध्ये परतला.) लिब्रव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावर संगमरवरी प्रासाद उभा राहिला, 1977 मध्ये आफ्रिकी एकता संघटनेच्या परिषदेसाठी पैशाची उधळण झाली, आणि देशाला आतून जोडणारी रेल्वे घालायचे ठरले. ही रेल्वे परवडणार नाही म्हणून जागतिक बँकेने कर्ज नाकारले होते. बोंगो हट्टाला पेटले. 1974 मध्ये काम सुरू झाले आणि ओवेन्दो बंदरापासून आग्नेयेकडील फ्रांसव्हिलपर्यंतचा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग 1986 च्या अखेरीस पूर्ण झाला, नेमका त्याच वर्षी तेलाचा भाव कोसळला. ती फ्रांसव्हिलकडेच का गेली, यावर बरीच चर्चा झालेली आहे. बोंगोंचे जन्मगाव, आता ज्याला बोंगोव्हिल म्हणतात ते लेवाई, त्याच प्रांतात आहे. पण त्याच प्रांतात मोआंदाही आहे.

मोआंदाचे नाव वाचले तेव्हा मी जरा सावरून बसले, कारण माझे लहानपण तुमसरला गेले आहे. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला ही गावे मँगनीजची. वडील खाणीच्या कार्यालयात होते आणि शनिवारी दुपारी घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या कफावर काळी रेघ असे. ते खनिज हातात घेतले तर आकाराच्या मानाने विलक्षण जड लागते आणि बोटांवर काजळीसारखा डाग ठेवते. साबणाने एकदा धुतल्याने जात नाही. आमच्याकडे एक ढेकूळ दाराला अडसर म्हणून ठेवलेले होते. पोलादाला मँगनीज लागतेच, एवढे मला शाळेत जाण्याआधी ठाऊक होते. ते आफ्रिकेतही आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक व कसदार आहे, हे मात्र इतक्या वर्षांनी कळले. चिखल्याला माणसे खनिजासाठी जमिनीखाली उतरतात. मोआंदाच्या पठारावर मँगनीजचा थर जमिनीपासून अवघ्या काही मीटरवर, जवळजवळ साय धरावी तसा आडवा पसरलेला आहे. वरची माती बाजूला सारायची आणि उचलायचे. जगातील सर्वांत मोठ्या मँगनीज उत्पादकांत दक्षिण आफ्रिकेखालोखाल गबॉनचे नाव येते, ते या एका पठारामुळे. 1962 मध्ये येथून पहिला माल निघाला तेव्हा रेल्वे नव्हती, म्हणून डोंगरदऱ्यांवरून 76 किलोमीटर लांबीची आकाशदोरी टाकण्यात आली होती. लटकत्या बादल्यांतून ते काळे खनिज शेजारच्या काँगोतील म्बिंदा या ठिकाणी जाई आणि तेथून रेल्वेने काँगोच्याच बंदराला. स्वतःची रेल्वे आल्यावर माल स्वतःच्या बंदरातून जाऊ लागला, यात बोंगोंच्या हट्टाला काही गुण द्यायला हवेत. प्रवाशांच्या मानाने या रुळांवर मँगनीज आणि लाकूड फार जास्त धावते.

मोआंदाच्या शेजारीच मुनाना येथे युरेनियमची खाण होती, 1999 मध्ये ती बंद झाली. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती मुख्य विषयापासून थोडी बाजूला आहे. 1972 मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात मुनानाच्या युरेनियमची तपासणी करताना हिशेब जुळेना. युरेनियम-235 चे, म्हणजे अणुभट्टीत जळणाऱ्या प्रकाराचे, प्रमाण जगात सगळीकडे 0.720 टक्के असते, येथे ते 0.717 भरत होते. फरक इतका बारीक की दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता, पण अणुबॉम्बच्या मालाचा हिशेब असल्यामुळे कोणी सोडला नाही. शोध घेत गेल्यावर कळले की मुनानाजवळच्या ओक्लो येथील खनिजात सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी अणुभट्टी आपोआप पेटली होती. खडकात झिरपलेले पाणी भट्टीला चालना देई, उष्णतेने पाण्याची वाफ झाली की भट्टी विझे, थंड झाल्यावर पाणी परत येई आणि ती पुन्हा पेटे. असे लाखो वर्षे चालले. पृथ्वीवर नैसर्गिक अणुभट्टी सापडली ती या एकाच परिसरात. त्या भट्टीचा बराचसा भाग खाणकामात उकरून, जाळण्यासाठी म्हणून, फ्रान्सला गेला.

आता माणसांविषयी. या लहानशा लोकसंख्येत चाळीसच्या आसपास भाषा आहेत. फांग हा सर्वांत मोठा समाज, त्याखेरीज पुनू, न्झेबी, म्येने, कोता, तेके, ओबाम्बा, आणि जंगलाला सर्वांत जवळून ओळखणारे बाका व बाबोंगो. कोणताही एक समाज निम्म्याहून अधिक नाही. राजकारणात हे समीकरण सांभाळणे, ज्याला गमतीने भू-राजकारण म्हटले जाते, ही ओमार बोंगोंची खासियत. मंत्रिमंडळात प्रत्येक प्रांताचा, प्रत्येक समाजाचा माणूस मोजून घेतला जाई. शहरात वाढणारी पिढी मात्र घरातही फ्रेंच बोलते, आणि आजीची भाषा समजते पण बोलता येत नाही अशी मुले तेथेही आहेत. ख्रिस्ती धर्म बहुसंख्यांचा, पण त्याच्या सोबतीने ब्विती हा पंथ जिवंत आहे. इबोगा नावाच्या झुडपाच्या मुळाची कडू साल खाऊन रात्रभर वीणेच्या साथीने पूर्वजांना भेटण्याचा तो विधी. फांग लोकांत म्वेत नावाचे वाद्य घेऊन अमर वीरांची युद्धे रात्र रात्र गाणारे कथेकरी असत. जेवणात कसाव्याचे पिठूळ कांड, पानात घट्ट गुंडाळून उकडलेले. त्यासोबत ताडफळांच्या घट्ट रसात शिजवलेली कोंबडी, न्येंब्वे. कोंबडी बहुतेक वेळा गोठवलेली, परदेशातून आलेली. तेलाचा पैसा आल्यावर शेती कोणाला करायची होती? दरडोई उत्पन्न भारताच्या तिपटीहून अधिक असलेल्या या देशात सुमारे एक तृतीयांश लोक गरिबीरेषेखाली आहेत, आणि भर पावसाच्या प्रदेशात अन्नाचा मोठा हिस्सा जहाजाने येतो. किरकोळ दुकानदारी, शिवणकाम, टॅक्सी यांत पश्चिम आफ्रिकेतून आणि कॅमेरूनमधून आलेली माणसे पुष्कळ, आणि वेळ आली की रोष त्यांच्यावरच निघतो. 1978 मध्ये दोन देशांच्या अध्यक्षांचे भांडण झाले, तर बेनिनच्या हजारो लोकांना बोंगोंनी एका फटक्यात हाकलून दिले.

जंगलाच्या बाबतीत गबॉनचे जगभर कौतुक होते आणि त्यातील बरेचसे योग्य आहे. 2002 मध्ये ओमार बोंगोंनी एकदम 13 राष्ट्रीय उद्याने जाहीर केली, देशाच्या सुमारे 11 टक्के भूमीवर. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार तेथे सुमारे 95,000 वनहत्ती आहेत, जगात या जातीचे इतके हत्ती दुसरीकडे कोठेही नाहीत. त्याच वर्षी जंगल राखल्याबद्दल नॉर्वेच्या पैशातून 1 कोटी 70 लाख डॉलर मिळाले. असे पैसे मिळवणारा आफ्रिकेतील हा पहिला देश. पण ज्या बाईच्या कसाव्याच्या शेतात हत्ती रात्री शिरतो, तिला नॉर्वेचे डॉलर दिसत नाहीत. शेताच्या कडेला डबे टांगून रात्रभर जागणारी माणसे तेथे आहेत, आपल्या दोडामार्गच्या बागायतदारांना ती परकी वाटणार नाहीत. आणि जंगल राखणारेच जंगल विकतात, हेही घडलेच. 2019 मध्ये ओवेन्दो बंदरात केवाझिंगो या बंदी असलेल्या, अतिशय महागड्या लाकडाचे शेकडो कंटेनर जप्त झाले, आणि जप्त झालेल्यांपैकी साडेतीनशेहून अधिक कंटेनर नंतर चक्क गायब झाले. उपाध्यक्षांना आणि वनमंत्र्यांना पदावरून जावे लागले. एक कंटेनर चाळीस फूट लांब असतो. साडेतीनशे कंटेनर एकामागे एक ठेवले तर चार किलोमीटरची रांग होईल, आणि ती कोणाला दिसली नाही.

सोलून नेणे केवळ लाकडाचे नसते. फांग लोकांच्या न्गिल या न्यायमंडळाचा एक मुखवटा 1917 च्या सुमारास एका फ्रेंच गव्हर्नरांच्या हाती लागला. त्यांच्या वारसांपैकी एका वृद्ध दांपत्याने घर आवरताना तो जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दीडशे युरोंना विकला, आणि 2022 मध्ये लिलावात त्याला 42 लाख युरो आले. दांपत्य न्यायालयात गेले: आम्हाला फसवले. गबॉन सरकारही मध्ये पडले: मुखवटा मुळात आमचा. डिसेंबर 2023 मध्ये फ्रेंच न्यायालयाने दोघांचीही मागणी फेटाळली. लांबट, पांढऱ्या मातीने माखलेला, डोळ्यांच्या जागी दोन बारीक फटी असलेला तो चेहरा मी छायाचित्रात पाहिला. गावात रात्री मशालींच्या उजेडात तो आला की चोरट्यांना आणि खोटारड्यांना कापरे भरत असे.

वडिलांनंतर 2009 मध्ये मुलगा अली बोंगो अध्यक्ष झाला. 2016 च्या निवडणुकीत त्याने साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी विजय मिळवला, आणि घराण्याच्या वरच्या ओगोवे प्रांतात मतदान झाले 99.93 टक्के, त्यातील 95 टक्क्यांहून अधिक त्यालाच. म्हणजे त्या दिवशी त्या प्रांतात कोणी आजारी नव्हते, कोणी बाळंत नव्हते, कोणी प्रवासात नव्हते आणि यादीतील कोणी मेलेलेही नव्हते. लोकांनी संसदेची इमारत पेटवली. 2018 मध्ये अलीला पक्षाघात झाला, तरी 26 ऑगस्ट 2023 रोजी तो पुन्हा उभा राहिला. मतदान संपता संपता इंटरनेट बंद करण्यात आले, संचारबंदी लागली, आणि 30 ऑगस्टच्या पहाटे, सगळे झोपलेले असताना, दूरचित्रवाणीवरून त्याच्या विजयाची घोषणा झाली. तासाभरात त्याच पडद्यावर लष्करी गणवेशातील माणसे आली आणि सत्ता आपण घेतल्याचे त्यांनी सांगितले. लिब्रव्हिलच्या रस्त्यांवर लोक नाचले. घरात अडकलेल्या अलीने जगभरच्या मित्रांना उद्देशून, आवाज उठवा, असे इंग्रजीत आवाहन केले, आणि त्या चित्रफितीवर लोकांनी गाणी रचून नाच केले. अध्यक्षपदी बसले ते जनरल ब्रिस ओलिगी न्गेमा, अध्यक्षांच्याच संरक्षक दलाचे प्रमुख, एके काळी ओमार बोंगोंचे अंगरक्षक. नोव्हेंबर 2024 मध्ये सार्वमताने नवी राज्यघटना आली: अध्यक्षाला सात वर्षांची मुदत, एकदाच पुन्हा निवडून येण्याची सोय, पंतप्रधानपद रद्द. 12 एप्रिल 2025 रोजी निवडणूक झाली आणि ओलिगींना सुमारे 95 टक्के मते मिळाली. पंचावन्न वर्षांचे एका घराण्याचे राज्य संपले म्हणून मला आनंद वाटला होता. 95 हा आकडा वाचून तो थोडा ओसरला, कारण तो आकडा ओळखीचा होता.

तरीही नव्या राजवटीची एक घोषणा मी लिहून ठेवली आहे. 1 जानेवारी 2029 पासून कच्चे मँगनीज बाहेर पाठवायचे नाही, देशातच त्यावर प्रक्रिया करायची. 2010 मध्ये ओंडक्यांवर घातलेली बंदी आठवून हे ठरवले असणार, आणि त्या बंदीने खरोखर काही घडवले: गिरण्या आल्या, हजारोंना काम मिळाले, जे पूर्वी नदीवरून तरंगत जाई ते आता यंत्रातून जाते. पण आमच्या कपाटाच्या दाराकडे पाहिल्यावर हेही दिसते की ते काम पापुद्र्यापाशी थांबले. पापुद्रा काढणे ही प्लायवूडची सर्वांत पहिली पायरी. चिकटवणे, दाबणे, घासणे, शिक्का मारणे, दुकानात मांडणे आणि गर्जन म्हणून लाल रंग लावून विकणे, या पुढच्या सगळ्या पायऱ्या, लबाडीसकट, इकडे होतात आणि पैसाही इकडेच राहतो. मँगनीजचे तर आणखी अवघड आहे. ते वितळवायला प्रचंड वीज लागते, आणि लिब्रव्हिलमध्ये दिवे जाण्याचे प्रमाण आपल्या तुमसरच्या जुन्या उन्हाळ्यांची आठवण करून देणारे आहे.

मिस्त्रींनी नवे दार बसवले त्या दिवशी मी त्यांना यातले थोडेसे सांगितले. त्यांनी हात न थांबवता ऐकले. बिजागरीचे स्क्रू आवळत होते. मग म्हणाले, "एवढं लाकूड आहे, तर त्यांच्या घरातलं फर्निचर एकदम भारी असेल नाही?"

लिब्रव्हिलच्या गरीब वस्त्यांना 'मातिती' म्हणतात, हे मी त्यांना सांगितले. मातिती म्हणजे उंच वाढलेले रानगवत. ओढ्याकाठच्या उतारांवर त्या गवतातच घरे उभी राहिली, म्हणून ते नाव. भिंती फळ्यांच्या, छपरावर पत्रा.

"फळ्या कसल्या?"

गिरण्यांतून चेहऱ्यासाठी न चालणारे, गाठीचे, फाटके लाकूडही निघतच असणार, असे मी म्हणाले. ते तोडलेल्या जुन्या दाराकडे गेले, त्याच्या फुगलेल्या कडेवर अंगठा दाबून पाहिला, आणि पोटातला पांढरा पॉपलर दोन बोटांनी कुस्करून दाखवला. "हा आपला माल आधी सडला, ताई. त्यांचा पापुद्रा अजून धडका आहे." खरेच, सुटून आलेली ती गुलाबी पट्टी उन्हात वाळून सरळ झाली होती. मी ती टाकली नाही.